इंग्लंडच्या गावपहाऱ्यापासून अमेरिकेच्या पोलिसांपर्यंत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोलिसांच्या इतिहासाबद्दल येणाऱ्या प्रश्नांत काही प्रश्न ठरलेले असतात. काही स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं विचारतात, काही अमेरिकेत राहणारी मराठी मंडळी. प्रत्येकाला वेगळं उत्तर धाडण्यापेक्षा सगळी एकत्र केली आहेत. वाचताना तीन गोष्टींवर लक्ष ठेवा: पोलिसाला नेमतं कोण, पगार देतं कोण आणि तो जाब कुणाला देतो. माझ्या मते या इतिहासातली जवळजवळ सगळी भांडणं या तिन्हींवरून झाली आहेत.

१. पोलीस नव्हते तेव्हा इंग्लंडमध्ये चोर पकडायचं कोण?

गावकरीच. मध्ययुगात पुरुषांना दहा-दहाच्या गटात बांधलेलं असे. गटातल्या एकानं गुन्हा केला तर त्याला हजर करणं उरलेल्यांचं काम, नाही केलं तर दंड सगळ्यांना. चोरी झाली की बोंब ठोकायची आणि ती ऐकणाऱ्यानं हातातलं काम टाकून चोरामागे धावायचं. हे ऐच्छिक नव्हतं, कायद्यानं बंधनकारक होतं.

१२८५ च्या विंचेस्टर कायद्यानं ही पद्धत लेखी बांधून दिली. नगरांच्या वेशी रात्री बंद, वेशीवर पहारा, १५ ते ६० वयाच्या प्रत्येक पुरुषाकडे ऐपतीप्रमाणे शस्त्र. शिवाय बाजाराच्या गावांना जोडणाऱ्या रस्त्यांच्या दोन्ही बाजूंची २०० फुटांपर्यंतची झाडी साफ ठेवायची, म्हणजे वाटमाऱ्यांना दबा धरायला जागा उरणार नाही. हा तपशील मला फार आवडतो, कारण कायदा लिहिणाऱ्यानं तो रस्ता पाहिलेला आहे हे त्यातून कळतं.

आपल्याकडचा जागल्या किंवा रामोशी आठवेल, पण फरक आहे. आपल्याकडे राखणीचं काम ठरावीक घराण्यांकडे, वतन-बलुत्याच्या बोलीवर होतं. तिकडे ती बिनपगारी पाळी होती आणि ती प्रत्येकावर येई.

२. शेरीफ आणि कॉन्स्टेबल हे शब्द आले कुठून?

इंग्लंडमधल्या परगण्याला ‘शायर’ म्हणत आणि राजाच्या कारभाऱ्याला ‘रीव्ह’. शायरचा रीव्ह तो शेरीफ. कॉन्स्टेबल मूळ लॅटिन, अर्थ ‘तबेल्याचा अधिकारी’. तो फ्रेंचमधून इंग्लंडला पोहोचला तेव्हा मोठा लष्करी हुद्दा होता, मग उतरत उतरत गावच्या बिनपगारी वर्षभराच्या कारभाऱ्यापर्यंत आला. ‘पोलीस’ हा शब्दही फ्रेंचांचाच, आणि इंग्रजांना तो बराच काळ खुपत राहिला (का ते प्र. ३ मध्ये).

मुंबईच्या नगरपालाचं पद हे याच शेरीफचं रूप. इथे ते मानाचं पद म्हणून टिकलं. अमेरिकेत त्याचं काय झालं ते प्र. १० मध्ये आहे.

३. पहारेकरी होते, कॉन्स्टेबल होते, मग नवं दल काढायची गरज का पडली?

लंडन वाढलं आणि जुनी पद्धत आतून पोखरली गेली. ज्यांना परवडे ते कॉन्स्टेबलकीची पाळी टाळून पैसे देऊन बदली माणूस पाठवत. रात्रीचे पहारेकरी बहुतेक म्हातारे, कंदील आणि काठी घेऊन तासांची आरोळी देणारे. त्यामुळे चोर पकडणं हा बक्षिसावर चालणारा खासगी धंदा झाला. वाटमाऱ्याला शिक्षा झाली की सरकार ४० पौंड देई. जोनाथन वाइल्डनं यातून जे उभं केलं ते ऐकून थक्क व्हायला होतं. हाताखाली चोरांची टोळी, चोरीचा माल मालकाला ‘शोधून’ दिल्याबद्दल पैसे, आणि डोईजड होणाऱ्या चोराला फासावर चढवून वर सरकारी बक्षीस. १७२५ मध्ये तो स्वतःच टायबर्नला, लंडनच्या फाशीच्या जागी, फासावर गेला.

पुढे बो स्ट्रीटचे न्यायदंडाधिकारी हेन्री फील्डिंग यांनी १७४९ च्या सुमारास थोडी विश्वासू माणसं हाताशी धरली. त्यांच्यानंतर त्यांचे सावत्र भाऊ जॉन, जे अंध होते, यांनी ते काम वाढवलं. पण जून १७८० च्या गॉर्डन दंगलीत लंडन कित्येक दिवस जळत राहिलं आणि शेवटी सैन्यच बोलवावं लागलं. १८१९ मध्ये मँचेस्टरच्या सेंट पीटर्स फील्डवर मताधिकार मागणाऱ्या प्रचंड सभेत घोडेस्वार घुसले, तलवारी चालल्या, डझनाहून जास्त माणसं मेली. गर्दी आवरायला दोनच साधनं होती: पुरा न पडणारा पहारेकरी किंवा थेट सैन्य. मधलं काहीच नव्हतं.

तरीही विरोध जबरदस्त होता. पोलीस म्हटलं की इंग्रजांच्या डोळ्यांसमोर फ्रान्सचे हेर उभे राहत. १७८५ चं पोलीस विधेयक बारगळलं. १८२२ मध्ये गृहमंत्री रॉबर्ट पील यांच्याच अध्यक्षतेखालच्या संसदीय समितीनं निर्वाळा दिला की कार्यक्षम पोलीस आणि नागरिकांचं स्वातंत्र्य यांचा मेळ बसणं कठीण आहे. सात वर्षांनी त्याच पील यांनी कायदा करून दाखवला.

४. १८२९ मध्ये नेमकं नवीन काय होतं?

तीन गोष्टी: पूर्णवेळ पगार, एका छत्राखालचं शिस्तबद्ध दल आणि गुन्हा घडण्याआधीच तो रोखण्यावर भर. लंडन महानगर पोलीस कायदा जून १८२९ मध्ये झाला आणि २९ सप्टेंबरच्या संध्याकाळी पहिली तुकडी गस्तीला निघाली. दोन आयुक्त नेमले होते, वॉटर्लूवर लढलेले चार्ल्स रोवन आणि वकिली करणारे रिचर्ड मेन. कचेरी व्हाइटहॉल प्लेसमध्ये, आणि तिची मागची बाजू ग्रेट स्कॉटलंड यार्डकडे उघडे. लंडन पोलिसांना ‘स्कॉटलंड यार्ड’ हे नाव पडलं ते त्यावरून.

त्या पहिल्या शिपायाकडे नीट पाहा. निळा, मागे लांब शेपट्यांचा कोट. सैन्य लाल कोटात असे, म्हणून मुद्दाम निळा. डोक्यावर शिरस्त्राण न देता इतर नागरिक घालत तशी उंच टोपी दिली. लाकडी दंडुका हातात मिरवायचा नाही, कोटाच्या शेपटीतल्या खिशात लपवून ठेवायचा. मदत बोलवायला शिट्टी नव्हती, खडखड वाजणारा लाकडी खुळखुळा होता. गळ्याभोवती जाड चामडी पट्टी, मागून कुणी गळा आवळू नये म्हणून. मनगटावर पट्टा बांधला की हा माणूस कामावर आहे हे लोकांना कळे. पगार आठवड्याला २१ शिलिंग. पोशाखातली प्रत्येक गोष्ट बघणाऱ्याला सांगत होती की हा सैनिक नव्हे.

माणसं मात्र पहिल्या दिवसापासून आदर्श नव्हती. दारूपायी बडतर्फ होणाऱ्यांची रांग लागली आणि सुरुवातीच्या काही वर्षांत दलातली बहुतेक माणसं बदलली.

५. लंडनच्या लोकांनी त्यांचं स्वागत केलं का?

नाही. मे १८३३ मध्ये कोल्डबाथ फील्ड्स इथे कामगारांच्या सभेवर पोलीस चालून गेले आणि झटापटीत रॉबर्ट कली हा शिपाई भोसकला जाऊन मेला. चौकशीला बसलेल्या पंचांनी निकाल दिला की ही हत्या समर्थनीय आहे! तो पुढे रद्द झाला, पण लोकांनी त्या पंचांचे सत्कार केले. एका पोलिसाच्या मरणावर शहरानं सत्कार करावेत इतका तो राग होता. तो निवळायला काही दशकं लागली, आणि मजुरांच्या वस्त्यांत तर त्याहून जास्त.

६. ‘पील यांची नऊ तत्त्वं’ परीक्षेत लिहिली तर चालतील का?

तत्त्वं लिहा, पण ती पील यांनी लिहिली असं लिहू नका. ‘पोलीस म्हणजेच जनता आणि जनता म्हणजेच पोलीस’ या वाक्यासह नऊ तत्त्वांची जी यादी सगळीकडे फिरते, ती पील यांच्या कागदपत्रांत सापडत नाही. ती विसाव्या शतकात चार्ल्स रीथ या इतिहासकारानं जुन्या सूचनांचं सार काढून मांडली. १८२९ मध्ये शिपायांना दिलेल्या सूचना मात्र खऱ्या आहेत आणि त्यांत गुन्ह्याला प्रतिबंध हेच मुख्य उद्दिष्ट म्हटलं आहे.

७. हे सगळं अमेरिकेत पोहोचलं कसं?

दोन टप्प्यांत. आधी वसाहतींबरोबर जुनं इंग्लंड गेलं: शेरीफ, कॉन्स्टेबल, रात्रपहारा. बॉस्टनमध्ये १६३० च्या दशकातच पहारा बसला. न्यूयॉर्क तेव्हा डचांचं न्यू अ‍ॅमस्टरडॅम होतं, तिथले पहारेकरी १६५८ पासून खुळखुळे वाजवत हिंडत. तिथेही तेच झालं, पाळी टाळणं आणि बदली माणूस पाठवणं.

दुसरा टप्पा लंडनच्या प्रयोगानंतरचा. १८३० च्या दशकात स्थलांतर, दारिद्र्य आणि धार्मिक तेढ यांनी शहरं पेटत होती. बॉस्टननं १८३८ मध्ये दिवसाचे पोलीस नेमले, रात्रपहारा वेगळाच राहिला आणि दोन्ही १८५४ मध्ये एकत्र झाले. न्यूयॉर्कच्या दलाचा कायदा १८४४ चा, दल उभं राहिलं १८४५ मध्ये.

न्यूयॉर्कनं लंडनकडून आराखडा घेतला, पण लगाम बदलला. लंडनचे आयुक्त गृहमंत्र्याला जबाबदार होते आणि शिपायाला १८८७ पर्यंत मतदानाचा हक्कसुद्धा नव्हता. न्यूयॉर्कमध्ये वॉर्डातला नगरसेवक नाव सुचवी, महापौर नेमणूक करी, तीही सुरुवातीला एका वर्षापुरती. निवडणूक फिरली की पोलीस फिरला. वशिला आणि हप्ता या आपल्या ओळखीच्या शब्दांचं मूळ तिथे या एका तरतुदीत आहे. गणवेशाला तर तिथल्या पोलिसांनी साफ नकार दिला. वर्दी ही नोकराचाकरांनी घालायची, स्वतंत्र नागरिकानं नव्हे, असं त्यांचं म्हणणं. फक्त छातीवर बिल्ला. वर्दीची सक्ती १८५३ मध्ये झाली.

८. अमेरिकी पोलीस गुलामांवरच्या गस्तीतून जन्मले, हे खरं की अतिशयोक्ती?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि विचारणाऱ्याला बहुतेकदा ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच हवं असतं. दक्षिणेपुरतं उत्तर ठाम ‘हो’ आहे. उत्तरेत गोष्ट वेगळी, पण हात तिथेही स्वच्छ नव्हते.

कॅरोलायनाच्या वसाहतीत १७०४ मध्ये गुलामांवर गस्त घालायचा कायदा झाला. व्हर्जिनिया आणि इतर वसाहतींनी पुढे तोच कित्ता गिरवला. गोऱ्या पुरुषांच्या लहान टोळ्या ठरलेल्या पट्ट्यात रात्री घोड्यावरून फिरत. वाटेत भेटलेल्या काळ्या माणसाकडे मालकाची चिठ्ठी मागत. चिठ्ठी नसली की फटके, आणि ते मारण्याचा अधिकार कायद्यानं दिलेला. गुलामांच्या झोपड्यांत घुसून हत्यारं आणि पुस्तकं धुंडाळत, रात्रीच्या प्रार्थनासभा उधळत.

आता प्र. १ पुन्हा वाचा. पाळी सक्तीची, चुकवली तर दंड, पैसे देऊन बदली माणूस देता येतो. सांगाडा इंग्लंडच्या गावपहाऱ्याचाच. तिथे गाव स्वतःची राखण करत होतं, इथे अर्धं गाव उरलेल्या अर्ध्याला कोंडून ठेवत होतं. मला या इतिहासातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते.

दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्स्टन शहरात तर अठराव्या शतकाच्या अखेरीसच पगारी, गणवेशातली, बंदुका बाळगणारी रक्षकांची तुकडी होती, म्हणजे लंडनच्या कितीतरी आधी. १८२२ मध्ये डेन्मार्क व्हेसी याच्या नेतृत्वाखालचा उठावाचा बेत उघडकीला आल्यावर तो बंदोबस्त आणखी आवळला गेला. आधुनिक पोलीस म्हणजे पगार, गणवेश आणि सततची गस्त, ही व्याख्या धरली तर या तुकडीला यादीतून वगळता येत नाही.

बॉस्टन आणि न्यूयॉर्कची दलं मात्र रात्रपहारा आणि लंडनच्या नमुन्यातून आली. तरी १८५० च्या पळालेल्या गुलामांविषयीच्या कायद्यानं उत्तरेलाही ओढलं. एप्रिल १८५१ मध्ये थॉमस सिम्स या पळून आलेल्या तरुणाला बॉस्टनच्या न्यायालयात ठेवलं होतं. लोक त्याला सोडवतील या भीतीनं इमारतीभोवती साखळ्या बांधल्या आणि शहराचे पोलीस पहाऱ्याला लावले. न्यायाधीशांनासुद्धा साखळीखालून वाकून आत जावं लागलं. मग एका पहाटे शेकडो सशस्त्र माणसांच्या कड्यातून सिम्सला जहाजावर चढवलं आणि जॉर्जियाला परत पाठवलं.

१८६५ मध्ये गुलामगिरी संपली, गस्ती कायद्यातून गेल्या. लगेच दक्षिणेत ‘भटकेपणा’ हा गुन्हा ठरवणारे कायदे आले. नोकरीचा पुरावा नसलेला काळा माणूस अटकेत जाई आणि कैदी म्हणून मजुरीला भाड्यानं दिला जाई. अटक करणारे शेरीफ आणि पोलीस होते.

९. इंग्लंडचा पोलीस बंदुकीशिवाय फिरतो, मग अमेरिकेचा का नाही?

लंडनमध्ये निःशस्त्र राहणं ही स्वीकार मिळवण्याची किंमत होती (प्र. ४). अमेरिकी शहरांतले पोलीसही सुरुवातीला सोटाच बाळगत. पण नागरिकांच्या खिशात पिस्तुलं आली तसे पोलीस स्वतःच्या पैशानं पिस्तूल घेऊ लागले, वरिष्ठांनी काणाडोळा केला आणि मग नियम झाला. थिओडोर रूझवेल्ट १८९५ ते १८९७ न्यूयॉर्कच्या पोलीस मंडळाचे अध्यक्ष होते, त्यांच्या काळात सगळ्यांना एकाच प्रकारचं रिव्हॉल्व्हर ठरवून दिलं गेलं.

अपवाद : ब्रिटनमध्येही खास प्रशिक्षित सशस्त्र पोलीस असतात आणि उत्तर आयर्लंडमध्ये सर्रास.

१०. आम्ही न्यू जर्सीत राहतो. मतपत्रिकेवर शेरीफ असतो, पण शहराच्या पोलीसप्रमुखाला मत देता येत नाही. असं का?

कारण ही दोन वेगळ्या काळांची पदं आहेत. शेरीफ हा इंग्लंडहून आलेला परगण्याचा जुना अधिकारी. अमेरिकेनं राजा काढून टाकल्यावर त्याला नेमायचं कोणी, तर लोकांनी, म्हणून बहुतेक राज्यांत तो निवडून येतो. शहर पोलीस एकोणिसाव्या शतकातले, त्यांचा प्रमुख नगर प्रशासन नेमतं. शेरीफची कामं राज्यागणिक बदलतात. न्यू जर्सीत न्यायालयांची सुरक्षा, समन्स-वॉरंट बजावणं, जप्त मालमत्तेचा लिलाव ही त्याची मुख्य कामं. दक्षिण आणि पश्चिमेतल्या कित्येक काउंट्यांत, म्हणजे तिकडच्या परगण्यांत, तोच मुख्य पोलीस असतो आणि तुरुंगही चालवतो.

शिवाय राज्य पोलीस आणि संघराज्याच्या यंत्रणा वेगळ्या. सगळ्या मिळून सुमारे १८ हजार पोलीस यंत्रणा अमेरिकेत आहेत. इंग्लंड आणि वेल्समध्ये प्रादेशिक दलं अवघी ४३.

११. न्यूयॉर्कमध्ये दोन पोलीस दलं एकमेकांशी मारामारी करत होती, ही दंतकथा ना?

खरी गोष्ट आहे. महापौर फर्नांडो वुड यांच्या हातून पोलीस काढून घेण्यासाठी राज्याच्या विधिमंडळानं १८५७ मध्ये ‘मेट्रोपॉलिटन’ नावाचं नवं दल काढलं. वुड यांनी आपलं ‘म्युनिसिपल’ दल बरखास्त करायला नकार दिला. शहरात एकाच वेळी दोन दलं. एका दलानं पकडलेला चोर दुसरं दल सोडवून नेई, असंही घडलं. १६ जूनला नव्या दलाचे लोक वुड यांच्या अटकेचं वॉरंट घेऊन सिटी हॉलवर गेले. पायऱ्यांवरच दोन्हीकडचे पोलीस सोटे घेऊन एकमेकांवर तुटून पडले, डोकी फुटली आणि अखेर सैन्याची तुकडी मध्ये पडली तेव्हा वुड यांनी अटक मान्य केली. जुलैत न्यायालयानं राज्याच्या बाजूनं कौल दिला. पोलीस कुणाचे, हा प्रश्न इतक्या उघडपणे क्वचितच रस्त्यावर आला असेल.

१२. राजकारण्यांच्या मुठीतून हे पोलीस सुटले कधी?

पूर्ण सुटले असं म्हणवत नाही. १८९४ मध्ये न्यूयॉर्कमधल्या लेक्सो समितीनं हप्तेबाजी चव्हाट्यावर आणली. कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहरात ऑगस्ट व्होल्मर १९०५ मध्ये मार्शल, म्हणजे शहराचे पोलीस अधिकारी, झाले आणि १९०९ मध्ये पोलीसप्रमुख. त्यांनी पोलिसांना सायकली दिल्या, मग गाड्या, विद्यापीठात शिकलेली माणसं भरती केली. त्यांच्याच दलातल्या जॉन लार्सन यांनी १९२१ मध्ये खोटं पकडण्याचं यंत्र वापरात आणलं. १९३१ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या विकरशॅम आयोगानं पोलीस कोठडीत मारहाण करून कबुलीजबाब घेतात हे अधिकृतपणे नोंदवलं. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या १९६६ च्या मिरांडा निकालापासून ‘तुम्हाला गप्प राहण्याचा हक्क आहे’ हे कोठडीतल्या चौकशीआधी सांगावंच लागतं.

१३. मग जगातलं पहिलं आधुनिक पोलीस दल लंडनचंच ना?

सगळ्यांत प्रभावी, हो. पहिलं म्हणणं कठीण. पॅरिसला पोलीसप्रमुखाचं पद १६६७ पासून होतं. डब्लिनचा पोलीस कायदा १७८६ चा, थेम्स नदीवरच्या मालाची चोरी रोखणारं वॅपिंगचं नदी पोलीस दल १७९८ चं, ग्लासगोचा कायदा १८०० चा. चार्ल्स्टनबद्दल प्र. ८ मध्ये आलंच आहे. आणखी एक फसवा अपवाद : लंडनच्या अगदी मध्यावरचा, सुमारे एक चौरस मैलाचा ‘सिटी’ हा भाग महानगर पोलिसांकडे नाही. तिथे १८३९ पासून वेगळं दल आहे आणि ते आजही वेगळंच आहे.

१४. आपल्याकडेही इंग्रजांनीच पोलीस आणले, मग आपला पोलीस लंडनच्या शिपायासारखा का वाटत नाही?

कारण आपल्याकडे आला तो नमुना लंडनचा नव्हताच, आयर्लंडचा होता. पील लंडनच्या आधी, १८१२ ते १८१८, आयर्लंडचे मुख्य सचिव होते आणि तिथे १८१४ मध्ये त्यांनी वेगळंच दल काढलं. त्यातून पुढे आयरिश कॉन्स्टेब्युलरी उभी राहिली: सशस्त्र, बराकीत राहणारी, आणि शिपायाला स्वतःच्या परगण्यात नेमणूक न देणारी. एकाच माणसानं लंडनकरांसाठी दंडुका लपवायला सांगितला आणि आयरिश जनतेसाठी बंदूक दिली.

ब्रिटिश सेनापती चार्ल्स नेपियर यांनी १८४३ मध्ये सिंध जिंकल्यावर तिथे हा आयरिश नमुना लावला, तिथून तो १८५३ मध्ये मुंबई इलाख्यात आला आणि १८५७ च्या उठावानंतर १८६१ च्या पोलीस कायद्यानं देशात पसरला. मुंबई शहराची वाट थोडी वेगळी: १८६४ मध्ये फ्रँक सूटर पहिले पोलीस आयुक्त झाले, आणि आयुक्त हे पद लंडनच्या वळणाचं. गावात मात्र पाटलाला १८६७ च्या ग्रामपोलीस कायद्यानं कामाला जुंपलं. तो आजचा पोलीस पाटील. महाराष्ट्राचे पोलीस आता १९५१ च्या कायद्यावर चालतात. आयर्लंडचं ते दल १९२२ मध्ये बरखास्त झालं.